बोट आलं, मग पाय का नाहीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी माझ्या धाकट्या भावाने उशीखालून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं आणि माझ्या हातात दिलं. ‘मूळपेशींमुळे मज्जारज्जूला नवं जीवन’ असा ठसठशीत मथळा, खाली व्हीलचेअरमधून उठून उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो आणि मोबाइल नंबर. (मूळपेशी म्हणजे ज्यांतून दुसऱ्या नव्या पेशी तयार होतात त्या पेशी.) मांडणी थेट बातमीची. ‘जाहिरात’ हा शब्द उजव्या कोपऱ्यात इतक्या बारीक टायपात, की मला चष्मा पुसून पाहावा लागला. कात्रण कोणत्या वर्तमानपत्रातलं हे मी लिहीत नाही, कारण अशा जाहिराती मी अनेक ठिकाणी पाहिल्या आहेत. २०१८ साली अशाच एका कात्रणापायी आमची रस्त्याकडेची पंधरा गुंठे जमीन गेली. तेव्हा मी गप्प बसले होते. आता बसवत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर काटछाट करा, पण मधला हायड्राचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक म्हणून चौतीस वर्षं नोकरी केली. काचेची भांडी धुणं, स्लाइडी लावणं, झुरळं-गांडुळं जमवणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी वीस मुलांच्या टेबलांवर सगळं मांडून ठेवणं हे माझं काम. शिकवणं माझ्याकडे कधी नव्हतं. पण चौतीस वर्षं शिकवलेलं कानावर पडत होतं आणि जे कळायचं नाही ते मी विचारत होते. विभागातल्या सर-मॅडमनी मला कधी ‘तुझं काय काम’ म्हटलं नाही. निवृत्तीनंतरही काही नवीन वाचलं की ते फोन करून सांगतात. हे पत्रही मी त्यांना वाचून दाखवलं आहे.

भाऊ पंपाच्या मोटारींचं रिवायंडिंग करतो. २०१७ च्या पावसाळ्यात घाटात त्याची मोटारसायकल घसरली, पाठीचा मणका मोडला आणि मज्जारज्जू दुखावला. तेव्हापासून कमरेखाली काही नाही. चिमटा काढला तरी कळत नाही. हात मात्र शाबूत आहेत, त्यामुळे वर्षभराने त्याने दुकान पुन्हा उघडलं. टेबल खाली घेतलं, आणि आजही गावातल्या निम्म्या विहिरींच्या मोटारी त्याच्याच हातून भरून जातात.

आता नातीचं सांगते. माझी नात चार वर्षांची. गेल्या दिवाळीत लोखंडी दाराच्या फटीत तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं आणि टोक तुटलं, नखाच्या अर्ध्या भागासकट. आम्ही तुटलेला तुकडा रुमालात घेऊन डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी बोट नीट पाहिलं, एक्स-रे काढला आणि म्हणाले, नखाचं मूळ शाबूत आहे, टाका घालायचा नाही, दुसरीकडची कातडीही लावायची नाही. जखम स्वच्छ करून ओलसर पट्टी बांधली. आम्हाला वाटलं, डॉक्टर टाळाटाळ करतायत. मुलगी तर रडून रडून अर्धी झाली होती. पण दर पट्टीला बोट थोडं पुढे आलेलं दिसायचं. पहिल्यांदा लालसर मांस, मग त्यावर पातळ गुलाबी कातडी, मग कडेने नखाची बारीक पांढरी कोर. संक्रांतीला तिने त्याच बोटाने हलवा वेचला. टोकाला गोलाई आली आहे, नख आलं आहे. आता कोणतं बोट होतं ते शोधावं लागतं.

लहान मुलांची बोटाची टोकं अशी परत येतात हे डॉक्टरांना ठाऊक आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मुलांच्या रुग्णालयात सिंथिया इलिंगवर्थ नावाच्या डॉक्टरांनी १९७४ साली त्यावर निबंध लिहिला होता. टाके न घालता नुसती पट्टी बांधलेली बोटं त्यांनी वाढताना पाहिली होती.

भावाने नातीचं बोट हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहिलं. तेव्हा काही बोलला नाही. रविवारी कात्रण देताना बोलला, “आक्का, तिचं बोट आलं. मग माझे पाय का येणार नाहीत? हे लोक तेच तर म्हणतायत.”

त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला दोन संध्याकाळी बसून दिलं. तेच इथे लिहिते, कारण हा प्रश्न आमच्या एकट्याच्या घरातला नाही.

उत्तराची सुरुवात मला हायड्रापासूनच करावी लागते, मला ते तिथेच उमगलं म्हणून. हायड्रा म्हणजे गोड्या पाण्यातला, फार तर सेंटिमीटरभर लांबीचा प्राणी. दोऱ्याचं टोक उसवलं की जसं दिसतं तसा. तळ्यातल्या पाणवनस्पती बरणीत घालून खिडकीत ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी काचेला चिकटलेले हायड्रे दिसतात. नळाचं पाणी चालत नाही, क्लोरीनने ते विरघळल्यासारखे होतात. त्यांना खायला आर्टेमिया या मिठाच्या पाण्यातल्या बारीक जीवाची पिल्लं लागतात. मिठाच्या पाण्यात अंडी घातली की दीड दिवसात नारिंगी ठिपके पोहायला लागतात, ते गाळून, मीठ धुऊन, ड्रॉपरने सोडायचे. जेवण झालं की काही तासांनी पाणी बदलायचं, नाहीतर सगळं सडतं. एप्रिल-मेमध्ये मी त्यांचं पात्र माठाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवायचे. घरची माणसं हसायची, पण माझ्या हातचा हायड्रा कधी प्रॅक्टिकलला कमी पडला नाही.

प्रॅक्टिकल असं. काचपट्टीवर एक हायड्रा, पाण्याच्या थेंबात. ब्लेडने मधोमध कापायचा. मुलामुलींचा हात थरथरायचा, मी मनगट धरायचे. कापलं की दोन्ही तुकडे आखडून गोळा होतात. काही तासांत जखम मिटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खालच्या तुकड्याच्या वरच्या टोकाला बारीक उंचवटे येतात, ते लांबून शुंडके, म्हणजे भक्ष्य पकडायचे दोरे, होतात, मधे तोंड उघडतं आणि तो प्राणी आर्टेमिया पकडून खातो. वरच्या तुकड्याला खाली नवा पाय फुटतो. मला नवल वाटायचं ते एका गोष्टीचं: मधून कापलेल्या तुकड्याला वरच्या अंगाला डोकंच येतं आणि खालच्या अंगाला पायच. कापलेल्या जागेच्या दोन बाजूंच्या पेशी क्षणापूर्वी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. एक बाजू डोकं करते, दुसरी पाय. त्यांना कोणी सांगितलं?

हेच नवल सगळ्यात आधी आब्राम त्रांबले यांना वाटलं. हॉलंडमधल्या हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांचे ते खासगी शिक्षक होते. १७४० च्या सुमारास त्यांनी ओढ्यातले हायड्रे कापले, मुलांबरोबर रोज भिंगातून पाहिले आणि १७४४ साली सगळं छापलं. पुढे १९०९ साली एथेल ब्राउन या अमेरिकन संशोधिकेने एका हायड्राच्या तोंडाजवळचा कणभर भाग काढून दुसऱ्या हायड्राच्या कमरेत कलम केला. तिथे दुसरं डोकं आणि सबंध नवं धड फुटलं. एक हायड्रा हिरवा आणि एक पांढरा घेतला तेव्हा कळलं की नवं धड बव्हंशी मूळच्या प्राण्याच्या पेशींचंच आहे. कलमाने नुसता निरोप दिला, कामाला लागल्या त्या शेजारच्या पेशी. माझ्या मते हा प्रयोग दहावीच्या पुस्तकात असायला हवा.

तो निरोप कोणता? त्याची गोष्ट आपल्या देशातून जाते, आणि ती आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत आर. पी. शर्मा नावाचे संशोधक फळमाश्यांवर काम करत होते. केळ्याच्या सालीवर घोंगावणाऱ्या त्याच चिलटासारख्या माश्या. १९७३ साली त्यांनी एका वाणाची नोंद छापली. त्यातल्या काही माश्यांना एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना पंखच नव्हते. १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्याबरोबरच्या निबंधात त्यांनी दाखवलं की पंखाच्या जागी पाठीचाच भाग दुसऱ्यांदा तयार होतो. एक जनुक बिघडलं होतं. त्या जनुकाला नाव मिळालं ‘विंगलेस’, म्हणजे बिनपंखी. पुढे क्रिस्तियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी माशीच्या अळीचं अंग कप्प्याकप्प्यांनी कसं बनतं ते शोधताना विंगलेस हे त्यातलं एक महत्त्वाचं जनुक ठरलं. त्या कामाला १९९५ चं नोबेल मिळालं. तिकडे अमेरिकेत १९८२ साली रूल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस उंदराच्या स्तनातल्या गाठीत एक जनुक पकडून बसले होते, त्याचं नाव इंट-१. १९८७ मध्ये लक्षात आलं की माशीचं विंगलेस आणि उंदराचं इंट-१ हे एकच. दोन्ही नावं जोडून ‘विन्ट’ हा शब्द तयार झाला.

आणि २००० साली जर्मनीतल्या संशोधकांना हाच विन्ट हायड्राच्या तोंडाच्या टोकाशी सापडला. जिथून डोक्याचा निरोप निघतो, नेमका तिथे. हे मला आमच्या मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावून सांगितलं, तेव्हा मी हातातली भांडी तशीच ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. तोवर चौदा वर्षं मी त्या प्राण्याला खाऊ घालत होते.

विन्ट हे एक प्रथिन आहे. एक पेशी ते बाहेर सोडते आणि ते शेजारच्या पेशीच्या अंगावर जाऊन बसतं. एरवी ती शेजारची पेशी बीटा-कॅटेनिन नावाचं एक प्रथिन बनवते आणि बनवल्या बनवल्या मोडीत काढते. विन्ट येऊन बसला की मोडणं थांबतं. बीटा-कॅटेनिन साठत जातं, केंद्रकात शिरतं आणि तिथली ठरावीक जनुकं जागी करतं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीकडे जनुकांची तीच पोथी असते, आज कोणता अध्याय लावायचा ते शेजारणीच्या निरोपावर ठरतं. हायड्राचं डोकं नुसता ‘डोकं करा’ हा निरोप पाठवून थांबत नाही, जवळपास दुसरं डोकं होऊ नये म्हणून ‘करू नका’ असाही पाठवतं. २०१९ साली जिनेव्हात हायड्रातलं एसपी-५ नावाचं आवर घालणारं जनुक दाबलं तेव्हा एकाच अंगावर अनेक डोकी फुटली. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हायड्रावर बरीच वर्षं काम झालं आहे. तिथे वाढवलेल्या एका वाणाचं नावच हायड्रा व्हल्गारिस इंड-पुणे आहे.

भाऊ इथपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, “आक्का, ते किड्याचं झालं. पोरीच्या बोटाचं सांग.”

तेही सांगितलं. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली उंदराची बोटं तपासली. नखाच्या मुळाशी, कातडीखाली, मूळपेशी असतात. त्यांतून नख आयुष्यभर वाढत राहतं. टोक तुटलं की तिथे हाच विन्ट जागा होतो. त्याने नख वाढतं, आणि त्याच निरोपाने मज्जातंतूंची टोकं जखमेकडे ओढली जातात. तंतू पोचले की खालच्या हाडाच्या पेशी वाढायला लागतात. नखाचं मूळ गेलं तर हे काही होत नाही, नुसती खपली धरून थोटूक राहतं. डॉक्टर नातीच्या बोटाकडे इतका वेळ का पाहत होते ते मला तेव्हा समजलं. ते निरोप देणारी पेढी शिल्लक आहे का, ते पाहत होते. (ज्यांच्या घरात असं होईल त्यांनी घरी पट्टी बांधून वाट पाहू नये. कोणतं बोट येईल आणि कोणतं नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.)

शरीराच्या एका भागात ही सोय असते म्हणून दुसरीकडे असतेच असं नाही. भिंतीवरची पाल बघा. शेपूट टाकते आणि पुन्हा उगवते, पण पाय तुटला तर पाय येत नाही. नवीन शेपटातही मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते.

आता मज्जारज्जू. भावाच्या मनात त्याचं चित्र तारेचं आहे, आणि त्यात त्याची चूक नाही. तो म्हणाला, “जळकी तार काढून नवी भरली की मोटार फिरते. तसं पेशी भरून होणार नाही का?” मी म्हटलं, तू तार भरतोस तेव्हा कुठल्या खाचेतून काढून कुठल्या खाचेत घालायची हे तुला माहीत असतं. कागद घालतोस, टोकं मोजतोस. इथे प्रत्येक तंतूला आपली वाट स्वतः शोधायची असते.

आईच्या पोटात ही वाट कशी सापडते ते मी कोंबडीच्या अंड्यात पाहिलं आहे. प्रॅक्टिकलसाठी मी गावरान अंडी उबवणी यंत्रात ठेवायचे. दीड दिवसाच्या गर्भात हृदयाची नळी फडफडायला लागलेली असते, पाठीवर मज्जारज्जूची दुहेरी रेघ दिसते. सगळं मिळून काही मिलिमीटर. त्या इवल्याशा अंतरात तंतू निघतात आणि त्यांना ओढणारे आणि ढकलणारे निरोप जागोजागी ठेवलेले असतात. त्यातलाच एक १९९४ साली कोंबडीच्या हजारो गर्भांच्या मेंदूंतून वेगळा काढला गेला. त्याचं नाव नेट्रिन. हे नाव संस्कृतातल्या ‘नेतृ’ वरून ठेवलं आहे, नेणारा. आपण ‘नेता’ म्हणतो तोच शब्द. वाट दाखवणाऱ्या प्रथिनाला अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आपला शब्द मिळाला, याचा मला आनंद वाटतो.

भावाच्या पाठीतलं अंतर मिलिमीटरचं नाही. मेंदूपासून कमरेपर्यंत हातभर आहे. गर्भातले निरोप केव्हाच आवरले गेले आहेत. उलट तंतूंभोवतीच्या वेष्टनात ‘वाढू नको’ सांगणारी प्रथिनं बसली आहेत, त्यातल्या एकाचं नावच ‘नोगो’. जखमेच्या जागी व्रणाची भिंत उभी राहिली आहे. हातातली नस तुटली तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वेगाने पुन्हा वाढू शकते, कारण तिथल्या आधारपेशी ‘ये’ म्हणतात. मज्जारज्जूतल्या म्हणत नाहीत. झेब्रा मासा नावाचा बोटभर मासा मात्र मज्जारज्जू तुटला तरी काही आठवड्यांत पुन्हा पोहायला लागतो. त्याच्या आधारपेशी तुटलेल्या जागी पूल बांधतात, आणि तो पूल बांधायला सांगणारी जनुकं ओळखली जात आहेत. याच धाग्यावर जगभर काम चालू आहे. मी भावाला आशा सोड असं म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही.

पण २०१८ मध्ये त्याच्यावर जे केलं गेलं ते यातलं काहीच नव्हतं. मोठ्या शहरातलं क्लिनिक, वातानुकूलित, गणपतीची मूर्ती, हसतमुख समुपदेशक. तिने आम्हाला समजावलं, “मज्जेतल्या पेशी काढायच्या आणि मज्जेतच सोडायच्या. शरीराचंच शरीराला.” आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलासुद्धा, चौतीस वर्षांपैकी बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर. आपल्या भाषेत अस्थिमज्जा आणि मज्जारज्जू या दोन्ही शब्दांत मज्जा आहे. पण हाडातली मज्जा रक्त बनवते आणि मज्जारज्जू हा नसांचा जुडगा आहे. दोघांचा नात्याने काही संबंध नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण समोर भाऊ होता.

कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढली, त्यातल्या पेशी वेगळ्या करून पाठीतून मज्जारज्जूच्या पाण्यात सोडल्या. अशा तीन वेळा. साडेचार लाख रुपये, प्रवास वेगळा. पहिल्या वेळेनंतर आठ दिवस ताप आणि डोकं फुटेल अशी वेदना. दुसऱ्या वेळेनंतर त्याला अंगठ्यात मुंग्या आल्यासारखं वाटलं, आम्ही देवाला नारळ फोडला. महिन्याभरात त्या मुंग्या गेल्या. हातात आलेल्या कागदावर दीड ओळ होती. कोणता प्रयोग, कुठे नोंद, कोणाची परवानगी, काही नाही. चौथ्या वेळेचे पैसे नव्हते म्हणून आम्ही थांबलो. भावाला आजही वाटतं, चौथी वेळ झाली असती तर काही झालं असतं. माझ्या मनाला सगळ्यात लागतं ते हे.

रक्तपेशी तिथे मज्जातंतू झाल्या नाहीत, कारण त्यांना तसं सांगणारं तिथे कोणी नव्हतं. आणि चुकीचा निरोप अखंड मिळत राहणं तर त्याहून वाईट. विन्टच्या साखळीत बीटा-कॅटेनिन मोडीत काढणाऱ्या टोळीतलं एपीसी नावाचं जनुक बिघडलं तर पेशीला विन्ट न येताही आल्यासारखं वाटतं, ती वाढतच राहते. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांची सुरुवात तिथून होते. हायड्राला डोकं देणारी आणि नातीला नख देणारी हीच साखळी.

मूळपेशींचा उपचार म्हणजे सगळीच फसवणूक, असं मात्र कोणी समजू नये. ल्युकेमिया किंवा थॅलेसेमियाच्या मुलांना दुसऱ्याची अस्थिमज्जा देतात, ती नुसती शिरेतून सोडतात. त्या पेशी रक्तातून फिरत हाडाच्या पोकळीत बरोबर जाऊन बसतात, कारण तिथून त्यांना ओळखीचा रासायनिक निरोप येत असतो. त्या आपल्या घरी जातात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचा दोनएक मिलिमीटरचा तुकडा चांगल्या डोळ्यातून घेऊन भाजलेल्या डोळ्यावर बारीक कणांनी लावतात आणि पृष्ठभाग पुन्हा स्वच्छ होतो. त्यातले काही रुग्ण खाण्याच्या चुन्याची पुडी दाबताना डोळ्यात उडून भाजलेली लहान मुलं असतात. (तंबाखू-चुना खाणाऱ्या घरांनी पुडी पोरांच्या हाती लागू देऊ नये.) तिथेही डोळ्याच्या पेशी डोळ्यावरच ठेवल्या जातात, कमरेतल्या आणून नव्हे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०१७ साली मूळपेशींसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्पष्ट आहे की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं रोपण सोडलं तर मूळपेशींचा उपचार मंजूर वैद्यकीय चाचणीबाहेर करू नये. आणि चाचणी असेल तर तिचा खर्च रुग्णाने करायचा नसतो. देशात चालणाऱ्या चाचण्यांची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या संकेतस्थळावर असते, मोबाइलवर कोणालाही पाहता येते. मला हे २०१८ मध्ये माहीत असतं तर पंधरा गुंठे राहिली असती. ज्याच्याकडे पैसे मागितले जातात आणि नोंदणी क्रमांक दिला जात नाही, त्याने तिथून उठून घरी यावं, इतकं साधं होतं ते.

संपादक महोदय, तुम्हाला माझी मागणी आहे. मूळपेशींच्या उपचाराची जाहिरात आपल्याकडे आली तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा, आणि तो नसेल तर जाहिरात घेऊ नका. बातमीच्या रूपात तर मुळीच नको. अपघातात अंग गमावलेला माणूस रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्याच्याकडे वेळ असतो. माझा भाऊ तुमची निविदा सूचनासुद्धा वाचतो. आणि आरोग्याच्या पुरवणीत वर्षातून एकदा तरी, पेशी एकमेकींशी कशा बोलतात हे मराठीत, सावकाश, चित्रं काढून छापा. शर्मांच्या बिनपंखी माशीपासून सुरू करा. आमच्या विभागातले सर लिहायला तयार आहेत, मी विचारलं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझं बोलून झालं तेव्हा भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, हायड्रा अजून मिळतो का. मी बुधवारी तळ्यावर जाऊन वनस्पती आणल्या. आता त्याच्या दुकानाच्या खिडकीत, कॉपर वायरच्या रिळांशेजारी, काचेच्या वाडग्यात चौदा हायड्रे आहेत. काल त्याने स्वतः ब्लेडने एक कापला. त्याचा हात मुलांसारखा थरथरला नाही, चाळीसच्या गेजची तार हाताळणारा हात आहे. आज सकाळी खालच्या तुकड्याला अजून काही आलेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, उद्या बघ.

कात्रण सोबत जोडलं आहे. त्यानेच दिलं. मोबाइल नंबर मी शाईने खोडला आहे, टपालात कोणाच्या हाती लागू नये म्हणून. त्याच्या इच्छेवरून माझं नाव आणि गाव कृपया छापू नये.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
जिल्हा सातारा